खोकल्याचं औषध आणायला गेलो आणि सव्वीस मार्क घेऊन आलो

मंगळवार, 11 जून 2024. थुंकीची प्लास्टिकची डबी हातात घेऊन मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागे, पाण्याच्या टाकीआड उभा होतो. डोक्यात एकच हिशेब चालू: ह्याच्यात गांजा दिसतो का?

दिसत नाही. ती तपासणी टीबीची असते. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला लावतातच. पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि विचारणार कुणाला? औषध देणारा फार्मासिस्ट माझ्या चुलतभावाच्या वर्गातला. आशा वर्कर ताई आत्याच्या शेजारच्या. केसपेपर काढणारे काका अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, सोसायटीच्या पंचकमिटीत. म्हणून हे सगळं लिहून काढतोय. गाव आणि जिल्हा मुद्दाम सांगत नाही. दुष्काळी पट्टा आहे, एवढं पुरे.

मागचं थोडक्यात. चार वर्षं पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी केली. 2021 च्या पावसाळ्यात गच्चीवर रूममेटच्या हातून पहिला दम मारला. झोप येत नव्हती, त्याने लागली. पुढची दोन वर्षं शनिवार-रविवार, नंतर रोज रात्री. मधूनच कुणीतरी 'बटण' द्यायचा, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळालेल्या झोपेच्या गोळ्या. त्या दोन-तीनदाच घेतल्या. मे 2024 मध्ये पैसे संपले, रूम सोडली, पुस्तकांच्या तीन पेट्या घेऊन घरी आलो. वाटलं होतं गावात आपोआप सुटेल. चार दिवसांत पुडी कुठे मिळते ते कळलं. पुण्यापेक्षा स्वस्त.

खोकला मात्र सुटेना. आईने मागे लागून पाठवलं.

केसपेपरला पैसे लागले नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. महापालिकेचे दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथे थोडे पैसे लागू शकतात. रांगेत चाळीसेक माणसं होती, नंबर यायला सव्वा तास गेला. डॉक्टर मॅडम बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेल्या, माझ्याच वयाच्या असतील. छाती तपासली, डबी दिली आणि मग सहज विचारल्यासारखं: "सिगारेट, तंबाखू, आणखी काही?"

मी म्हटलं, "कधीतरी."

टेबलावर ओपीडीचं रजिस्टर उघडं. माझ्या पाठीशी खुर्चीला टेकून पुढचा पेशंट उभा, तोही ओळखीचा. मॅडमनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "संध्याकाळच्या ओपीडीला या. गर्दी नसते. तरुण मुलांना मी एक प्रश्नावली विचारते, सगळ्यांनाच. दहा-पंधरा मिनिटं लागतात."

'सगळ्यांनाच' हा शब्द नसता तर मी गेलोच नसतो.

साडेचारला गेलो. बाहेर फक्त एक आजी आणि कुत्रं. तुम्हीही संध्याकाळच जमवा. दार लोटून घेतलं तर चालेल का, एवढं विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि विचारलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. मला त्या दिवशी तेवढंही तोंड उघडता आलं नव्हतं. मॅडमनीच सिस्टरना सांगून दार लोटलं.

आधी त्यांनी नियम सांगितले. औषध म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं यात धरायचं नाही. उत्तरं खोकल्याच्या केसपेपरवर जाणार नाहीत. कागद वेगळ्या फाइलमध्ये राहील, फाइल कपाटात, किल्ली त्यांच्याकडे आणि सिस्टरकडे. मी विचारलं, "आणि पोलीस?" आवाज चिरकला होता. त्या म्हणाल्या, पेशंट व्यसन करतो हे पोलिसांना कळवायचं डॉक्टरचं काम नाही. गांजा ओढणं गुन्हा आहेच, अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 1985 सालचा, त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्याच कायद्यात 64अ कलम आहे, आपणहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला संरक्षण देणारं. घरी येऊन मी ते कलम काढून वाचलं. पॉलिटीच्या तयारीत कायद्यांची एवढी कलमं पाठ केली, कामाचं नेमकं तेच राहिलं होतं.

प्रश्नावलीचं नाव असिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली. प्रश्न आठच, रक्त नाही, लघवी नाही. मॅडमच्या कागदावर इंग्रजी छापील मजकुराखाली त्यांनी पेनाने मराठी लिहिलेलं होतं. पहिला प्रश्न, आयुष्यात कधीही काय काय घेतलंय. तंबाखू, दारू, गांजा अशी यादी पुढे कोकेनपर्यंत. हुंगायच्या पदार्थांसमोर त्यांनी लिहिलं होतं: 'व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन.' गोळ्यांसमोर 'बटण'. हा शब्द डॉक्टरच्या अक्षरात बघून मला उगाच हायसं वाटलं.

दुसरा प्रश्न: गेल्या तीन महिन्यांत किती वेळा? मी म्हणालो, "महिन्यातून एकदा." त्यांनी 3 ला गोल केला. भुवई वगैरे काही उडवली नाही.

तिसरा: ओढायची तीव्र इच्छा किती वेळा होते? आठवड्यातून. 5. (महिन्यातून एकदा ओढणाऱ्याला दर आठवड्याला तलफ येते, हे मला बोलताना सुचलं नाही.) चौथा: त्यामुळे तब्येतीची, पैशाची, माणसांची, कायद्याची अडचण? मेसवाल्या मामांशी उधारीवरून झालेलं भांडण आठवलं. एक-दोनदा. 4.

पाचवा: तुमच्याकडून ज्याची अपेक्षा होती असं काही त्यामुळे राहून गेलं का?

इथे मी अडकलो. मेच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याला डोळ्यांचं शिबिर होतं. आजीला मोतीबिंदू. मी नेणार होतो, सकाळी सातची जीप. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मळ्यात बसलो आणि साडेदहाला उठलो. बाहेर आलो तर आजी ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी धरून ओट्यावर तशीच बसलेली. कुणालाही काही बोलली नव्हती. जीप हुकली असं तिने स्वतःच आईला सांगितलं होतं.

"मॅडम, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोडा," मी म्हणालो. "रोज ओढतो."

त्यांनी 3 खोडून 6 केला, शेजारी बारीक सही केली. पाचव्याला 5. सहावा, कुणी काळजी बोलून दाखवली का? पुण्यातला एक मित्र बोलला होता, पण त्याला वर्ष झालं. 3. सातवा, कमी करायचा प्रयत्न करून फसलात का? हो, तेही जुनंच. 3. आठवा सुईबद्दल, तो नाही.

त्यांनी बेरीज केली आणि लगेच सांगितली नाही. विचारलं, "किती आले बघायचेत?" पुढे कळलं की हे विचारणंसुद्धा पद्धतीचाच भाग आहे.

गांजाचे 26. 0 ते 3 कमी धोका, 4 ते 26 मध्यम, 27 पासून पुढे जास्त.

चार वर्षं एका-एका मार्काने कट-ऑफ हुकलेल्या माणसाला याचं काय वाटलं असेल ते एमपीएससीवाल्यांनाच कळेल. आयुष्यात पहिल्यांदा एक मार्क कमी पडल्याचा फायदा झाला होता. मी हसलो, मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "सव्वीस आणि सत्तावीसमध्ये माणूस बदलत नाही. मध्यममध्ये बसताय म्हणून इथे बोलून बघता येईल. पण एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडेही जाऊन या." तंबाखूचे 21 आले, तोही मध्यमच. मी सिगारेट मोजतच नव्हतो, गांजा त्यातच भरायचा असतो ना. दारू 3, गोळ्या 2. हे दोन्ही कमी धोक्यात. दारूला वेगळी पट्टी आहे, तिथे 10 पर्यंत कमी धरतात.

यानंतरच्या बोलण्याला संक्षिप्त समुपदेशन म्हणतात. मला वाटलं होतं आता कीर्तन सुरू होणार. व्यसनमुक्ती म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातलं मुक्तांगण यायचं, 1986 पासून चाललेलं, तिथे भरती होऊन राहायचं, घरी पत्र जाणार, अण्णांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढं सगळं. झालं ते असं की मॅडमनी विचारलं, "गांजा ओढल्यावर चांगलं काय वाटतं?"

कुणी हे विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. मी बोलत सुटलो. झोप. निकालाचा विचार बंद होतो. मित्रांत बसता येतं. "आणि तितकंसं चांगलं नाही असं?" मग खोकला, पैसे, वाचलेलं सकाळी आठवत नाही. पैशांचा हिशेब त्यांनी मलाच करायला लावला, कागदाच्या कोपऱ्यात. महिन्याला अडीच हजार धरले तर वर्षाचे तीस हजार. टेस्ट सिरीजचे सहा हजार नाहीत म्हणून मी मार्चमध्ये नाव काढून घेतलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, नुसता आकड्याकडे बघत बसलो.

मग पर्याय. एकदम बंद करायचं, का आठवड्याचे दिवस ठरवून कमी करायचं, का तूर्त काहीच करायचं नाही? तिसराही पर्याय त्यांनी खरोखर मांडला. "ठरवायचं तुम्ही." मी एकदम बंद म्हणालो, बढाई म्हणून नाही, दिवस ठरवलेले मला पाळता येत नाहीत हे टाइमटेबलांवरून माहीत होतं. उद्यापासून पाच-सहा दिवस चिडचिड होईल, भूक जाईल, घाम येईल, झोप उडेल आणि स्वप्नं फार पडतील, पहिला आठवडा जड, दोनेक आठवड्यांत बहुतेक उतरतं, हे सांगितलं. यावर खास अशी गोळी नाही हेही सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात सगळं मिळून बावीस मिनिटं झाली होती. निघताना माझ्यासमोर रजिस्टरात निदानाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: खोकला.

पहिले पाच दिवस. मॅडम म्हणाल्या त्याहून वाईट गेले. बाजरीची भाकरी तोंडात फिरायची, गिळवत नव्हती. आईला वाटलं टीबीच आहे. रोज तेच स्वप्न: परीक्षा सुरू, उत्तरपत्रिकेवरचे गोल पेनाने भरतोय आणि भरलेले गोल परत पांढरे होतायत. चौथ्या रात्री पावणेदोनला 14416 ला फोन केला. टेली-मानस, केंद्र सरकारची मोफत सेवा, मराठीत बोलता येतं. तिकडच्या ताईंनी काही जादू केली नाही, वीस मिनिटं बोलत ठेवलं, तेवढ्यात ती रात्र निघाली. खास व्यसनासाठी 14446 असाही मोफत नंबर आहे. दोन्ही नंबर मी मोबाइलमध्ये 'क्लास ऑफिस 1' आणि '2' नावाने ठेवलेत.

थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

मानसोपचाराची चिठ्ठी घेऊन 20 जूनला जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. दोन एसटी बदलून पावणेतीन तास, जाऊन-येऊन आणि एक मिसळ धरून दोनशे ऐंशी रुपये. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी वाचली आणि मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "व्यसनाचं का? चौदा नंबर." चौदा नंबरला कुलूप. त्या दिवशी डॉक्टर कोर्टात साक्षीला गेलेले. बाकड्यावर अर्धा तास बसून परत आलो. स्टँडवर गाडीला दीड तास होता आणि त्या दीड तासात पुडी शोधायला मी उठलो होतो, हे खरं सांगतो. उठलो, पानटपरीपर्यंत गेलो, वर्तमानपत्र घेऊन परत आलो. चिठ्ठी घेऊन जाणार असाल तर आधी फोन करून डॉक्टरांचे वार विचारा. सरकारी रुग्णालयात त्या ओपीडीचे वार ठरलेले असू शकतात, आणि ते चिठ्ठीवर लिहिलेले नसतात. दुसऱ्यांदा, 4 जुलैला, मॅडमनी आधी फोन केला होता. डॉक्टर भेटले, दहा मिनिटं बोलले, औषधाची गरज नाही, आहे तिथेच चालू ठेवा म्हणाले.

'आहे तिथे' म्हणजे दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी पाच-सहा मिनिटं. 25 जूनच्या भेटीत मी म्हणालो, चौदा दिवस झाले. त्यांनी 'शाब्बास' म्हटलं नाही, विचारलं, "रात्री अकरा ते एक काय करता?" तोच तर माझा वेळ. मग ठरलं की त्या वेळात मळ्यात जायचं नाही. उसाला रात्रीची लाइट असली की पाणी धरायला अण्णा जातात, त्यांच्याबरोबरच जायचं, एकट्याने नाही. अण्णांना कारण कळलं नाही. पोरगा शेतीत लक्ष घालतोय म्हणून ते खूश.

आणि मग घसरलो. जुलैच्या शेवटी पुण्याचा रूममेट गावी आला तेव्हा एकदा. दुसऱ्यांदा 22 ऑगस्टला. एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा 25 तारखेला होती, आधीच दोन-तीनदा पुढे गेलेली. पुण्यात पोरं रस्त्यावर बसलेली, कारण त्याच दिवशी बँकेचीही परीक्षा. 22 लाच आयोगाने ती परत पुढे ढकलली. निर्णय पोरांच्या बाजूचा होता, मलाही पटला होता, तरी हातातलं पुस्तक मिटलं आणि मी चालत थेट पुडी मिळते त्या वस्तीवर गेलो. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगताना नजर वर होत नव्हती. त्यांनी फक्त विचारलं, मधे किती दिवस गेले? सव्वीस. पुन्हा सव्वीस! यावेळी दोघांपैकी कुणीच हसलं नाही.

12 सप्टेंबरला प्रश्नावली परत झाली. तीन महिन्यांनीच करण्यात अर्थ, कारण प्रश्नच तीन महिन्यांबद्दल असतात. यावेळी: ओढणं एक-दोनदा 2, तलफ महिन्यातून 4, अडचण शून्य, राहून गेलेलं काम शून्य, मित्राची काळजी 3. आणि सातव्या प्रश्नाला, प्रयत्न करून फसलात का, 6. पहिल्या वेळी 3 होते. म्हणजे प्रयत्न केला म्हणून माझे तीन मार्क वाढले! मी जवळजवळ भांडलोच. मॅडम म्हणाल्या, "प्रयत्न केला नसता तर वरच्या प्रश्नांचे चौदा कुठून कमी झाले असते?" एकूण 15.

या असल्या छोट्या समुपदेशनाने खरंच काही होतं का, हे मी शोधून वाचलं. अभ्यासिकेतली खोड. भारतासह चार देशांत झालेल्या, 2012 मध्ये छापलेल्या अभ्यासात गुण कमी झालेले दिसले. 2014 मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासांत मात्र प्राथमिक दवाखान्यात अशा बोलण्याने ड्रग्जच्या वापरात फरक पडलेला दिसला नाही. मग माझं कशाने झालं? पुणं सुटलं म्हणून असेल, उसाच्या पाण्याने असेल, आजीच्या लुगड्याने असेल. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोडायला लावणारा पाचवा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता, आईनेही नाही.

सिगारेट अजून आहे. दिवसाला दोन. तिच्याबद्दल मोठं काही लिहिण्यासारखं नाही.

1 डिसेंबरला पूर्व झाली. पेपर बरा गेला, कट-ऑफबद्दल बोलत नाही.

13 डिसेंबरला संध्याकाळी शेवटची प्रश्नावली. मॅडमचा बाँड संपून त्या पुढच्या शिक्षणाला गेल्या होत्या. नवे डॉक्टर तालुक्याला मीटिंगला, म्हणून सिस्टरनीच कागद काढला. "बस रे बाळा. तीन महिन्यांत ओढलास?" नाही. गांजाचे तिसरा, चौथा, पाचवा प्रश्न त्यांनी सरळ वगळले, तीन महिन्यांत घेतलं नसेल तर ते विचारतच नाहीत. सहाव्याला 3, सातव्याला 3. एकूण 6.

"अजून मध्यमच?" मी विचारलं. "शून्य कधी?"

"हे दोन तीन काही जायचे नाहीत बघ," सिस्टर म्हणाल्या. "कधीतरी कुणीतरी बोललं होतं, कधीतरी तू फसला होतास. ते झालंय ना?"

मला कागदाची झेरॉक्स हवी होती, पण झेरॉक्सवाला आमच्याच आळीतला. मोबाइलवर फोटो काढून घेतला. सिस्टरनी कागद फाइलीत लावला. जूनमध्ये ती पातळ प्लास्टिकची फाइल होती, आत चार-पाच कागद. आता नाडी बांधायची जाड फाइल झाली होती आणि नाडी पुरत नव्हती. वरच्या कागदावरचं नाव मला दिसू नये म्हणून त्यांनी ती पालथी केली आणि कपाटात ठेवली.